जपानच्या पहिल्या प्रवासात काय चुकतं आणि ते कुठे निस्तरायचं

आईला घेऊन मी पहिल्यांदा जपानला गेले, तेव्हा पहिल्या चार दिवसांत आम्ही स्टेशनातून भलत्याच दाराने बाहेर पडलो, तिकिटाच्या गेटमध्ये अडकलो, दारूचा कॅन सरबत समजून विकत घेतला आणि आईची औषधांची पिशवी गाडीत विसरलो. हे सगळं निस्तरलं, आणि बहुतेक गोष्टी दहा-पंधरा मिनिटांत निस्तरल्या. वेळ गेला तो त्याआधीच. विचारायचा संकोच, भाषेची भीती, आणि आपलं आपण जमवू म्हणून केलेली खटपट यातच तासन्‌तास गेले.

दुसऱ्या खेपेपर्यंत एक गोष्ट पक्की कळली होती. तिथे जवळपास प्रत्येक चुकीसाठी एक ठरलेली खिडकी, ठरलेलं मशीन किंवा ठरलेला माणूस असतो. त्याचं नाव ठाऊक असलं की निम्मं काम होतं. म्हणून खाली जपानी शब्दही देते आहे. त्यांचे उच्चार आपल्याला अवघड नाहीत. लिहिलंय तसंच म्हणा, समोरच्याला कळतं. पहिला शब्द आत्ताच पाठ करा: ‘सुमिमासेन’. माफ करा, जरा ऐकता का, आभारी आहे, असे तिन्ही अर्थ त्यात येतात आणि कुठलंही बोलणं त्यानेच सुरू होतं.

१. निघण्यापूर्वी: कागद आणि सामान

हे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको:

- पासपोर्ट, व्हिसा, आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची वेगळी ठेवलेली प्रत
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- प्रवास विम्याचा कागद
- प्रत्येक हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन, जपानी लिपीतही छापलेला
- रोजची औषधं मूळ पाकिटात, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी
- नाण्यांसाठी बटवा, छोटा रुमाल, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी

पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत ठेवून फिरू नका. परदेशी पर्यटकाने तो सतत जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे. पोलिसांनी मागितला तर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, प्रत चालत नाही.

औषधांच्या बाबतीत आळस करू नका. सर्दीच्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रीन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही. अ‍ॅम्फेटामाइन असलेली औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंदच आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली इतर औषधं साधारण एक महिना पुरतील एवढी नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. घरातली औषधांची पेटी उचलून तशीच बॅगेत टाकायची सवय असेल तर या वेळी प्रत्येक पाकीट वाचा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थही बरोबर घेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

विजेचं थोडक्यात सांगते. तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट असतं. चार्जरवर ‘१००–२४०’ छापलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. घरची पाणी तापवायची कॉइल किंवा किटली मात्र नेऊ नका, पाणी धड तापत नाही. किटली बहुतेक हॉटेलांच्या खोलीत असतेच.

२. पैसे: नाणी ओळखायला शिका

कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण देवळाची प्रवेशफी, छोटी खानावळ, गावातली बस इथे रोख लागते. सुट्ट्या पैशांची इतकी गरज आपल्याला आता राहिलेली नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस काउंटरपाशी गोंधळ होतो.

नाणी १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० येनची असतात. यातल्या ५ येनच्या नाण्यावर आकडा नसतो, फक्त जपानी अक्षरं असतात. पिवळं आणि मधे भोक असलेलं नाणं म्हणजे ५ येन. भोक असलेलं पण पांढरं नाणं दिसलं तर ते ५० येन. ५०० चं नाणं आकाराने मोठं असतं आणि किमतीनेही मोठं. चिल्लर समजून ती बॅगेच्या तळाशी जमू देऊ नका.

जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. जुन्या नोटाही चालतात, पण काही जुनी मशीन नवी नोट परत बाहेर ढकलतात. नोट खराब आहे असं वाटून घाबरू नका, दुसरी घाला.

दुकानात पैसे हातात देण्याऐवजी समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवा. टीप देऊ नका. टेबलावर सुटे सोडून निघालो, तर आपण विसरलो असं समजून वेटर मागे धावत येतात. आमच्या मागे एक बाई रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या होत्या.

३. रेल्वेचं कार्ड आणि न उघडणारं गेट

नवख्या माणसाला सर्वांत जास्त धसका याच जागी बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोक्योत ‘सुइका’ किंवा ‘पास्मो’, ओसाकाकडे ‘इकोका’, अशी पैसे भरून वापरायची कार्डं मिळतात. २०१३ पासून अशी दहा प्रमुख कार्डं एकमेकांच्या शहरांत चालतात, त्यामुळे कुठलंही एक घ्या. माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. पैसे भरायचं मशीन बहुधा फक्त रोख घेतं, आणि कार्डात एका वेळी २०,००० येनपेक्षा जास्त रक्कम राहत नाही. हेच कार्ड बस, पेयांची मशीन, लॉकर आणि किराणा दुकानांतही चालतं.

गेट धाडकन बंद झालं, लाल दिवा लागला, मागे रांग खोळंबली, की हात कापायला लागतात. अशा वेळी बाजूला व्हा. कारण यापैकीच एक असतं:

*पैसे कमी पडले.* गेटच्या आतल्या बाजूलाच भाडं पूर्ण करायचं मशीन असतं. त्यावर इंग्रजीत ‘फेअर अ‍ॅडजस्टमेंट’ लिहिलेलं असतं, जपानीत ‘नोरिकोशी सेइसान’. कार्ड किंवा तिकीट घाला, उरलेली रक्कम भरा, बाहेर पडा. दंड नसतो. अंतर नक्की माहीत नसेल तर तिथले लोकही सर्वांत स्वस्त तिकीट काढून उतरल्यावर फरक भरतात. हे कळल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

*ज्या स्टेशनात आत गेलात तिथूनच बाहेर पडताय.* चुकून दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनात शिरलो की हे होतं. मशीनशी झगडू नका. सर्वांत कडेला एक रुंद गेट असतं आणि तिथे माणूस बसलेला असतो. त्याला कार्ड दाखवा. तो नोंद पुसून बाहेर सोडतो.

*आत जाताना कार्ड नीट टेकलंच नव्हतं.* आवाज ऐकल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. नोंद अर्धवट राहिली तर पुढच्या प्रवासाला कार्ड अडतं. हेही त्याच कडेच्या माणसाकडे सुटतं.

*एका शहराच्या हद्दीत चढून दुसऱ्या हद्दीत उतरलात.* कार्ड सगळीकडे चालतं हे ऐकून लोक इथे फसतात. ते प्रत्येक हद्दीच्या आत चालतं, एका हद्दीतून दुसरीत जाताना नाही. टोक्योकडून साध्या गाडीने अटामीच्या पुढे जायचं असेल तर आधीच कागदी तिकीट काढा.

गाडी निवडताना एक सापळा असतो. एकाच फलाटावर एकाच दिशेला जाणाऱ्या साध्या, जलद आणि ‘तोक्क्यू’ म्हणजे अतिजलद गाड्या लागतात. जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या तोक्क्यूला वेगळं तिकीट लागतं, काही खासगी कंपन्यांच्या तोक्क्यूला लागत नाही. चढण्याआधी फलाटावरच्या माणसाला नुसता गाडीकडे हात करून ‘तोक्क्यूकेन?’ (तोक्क्यूचं वेगळं तिकीट?) विचारलं तरी तो मान हलवून सांगतो.

रात्रीचं लक्षात असू द्या. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पुढची पहाटे पाचच्या सुमाराला येते. दुकानांच्या पाट्यांवर ‘२५:००’ अशी वेळ दिसली तर ती छपाईची चूक नाही. मध्यरात्रीनंतरचा एक वाजता, पण आधल्या दिवसाच्या हिशेबात, असा त्याचा अर्थ असतो.

४. स्टेशनाबाहेर: दार आधी ठरवा, मग चाला

टोक्योच्या शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर हॉटेल स्टेशनाच्या पलीकडच्या बाजूला राहतं आणि बॅगा ओढत अर्धा तास जातो. आईच्या गुडघ्यांनी त्या दिवशी फार सोसलं. दाराला ‘देगुची’ म्हणतात आणि त्याला नाव किंवा क्रमांक असतो. हॉटेलच्या पानावर तो दिलेला असतो, लिहून घ्या. दार सापडत नसेल तर जमिनीखाली फिरत राहू नका. वर रस्त्यावर या, तिथे फोनवरचा नकाशा नीट चालतो.

एकाच जागेची दोन-तीन नावंही असतात. ओसाकात जेआरचं ‘ओसाका’ आणि मेट्रोचं ‘उमेदा’ ही एकमेकांना लागून आहेत. शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मात्र तिथे येतच नाही, ती ‘शिन-ओसाका’ला थांबते.

बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्ता मोहल्ला, गट आणि इमारत अशा क्रमाने जातो. एकाच हॉटेल साखळीच्या दोन-तीन शाखा एकाच भागात असतात, म्हणून टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगू नका, जपानीत छापलेला पत्ता दाखवा. टॅक्सीचं मागचं दार तो स्वतः उघडतो आणि बंद करतो, तुम्ही ओढू नका. इमारतीत पहिला मजला म्हणजे तळमजला. हॉटेलच्या खानावळीसाठी एक जिना उगाच चढल्यावर आम्हाला हे कळलं.

५. शिंकानसेन: तिकिटं आणि बॅगा

कागदी तिकीट घेतलं तर बऱ्याचदा दोन कागद हातात पडतात, एक अंतराचं आणि एक जलद गाडीचं. दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच गेटमध्ये घालायची. ती पलीकडे बाहेर येतात आणि ती उचलायला नवखे लोक विसरतात. उतरताना पुन्हा लागतात.

तोकाइदो, सान्यो आणि क्युशू मार्गांवर बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर मागे बॅग ठेवायची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते. राखून ठेवली तर जादा पैसे नाहीत, न ठेवता नेली तर १,००० येन. घरीच टेपने मोजा. मोठ्या बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणारी ‘ताक्क्यूबिन’ सेवा मला त्याहून पसंत आहे. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरून दिला की बॅगा बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधं मात्र जवळ ठेवा.

मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिटभरच थांबते. उतरायच्या पाच मिनिटं आधी दाराशी उभे राहा.

६. खाणं: शाकाहारी माणसाने नेमकं काय विचारायचं

आई शाकाहारी आहे. पहिल्या दिवशी तिने भाज्यांचं सूप आणि नूडल्स समाधानाने खाल्ल्या, आणि रात्री मी लेबल वाचायला लागले तेव्हा कळलं की त्यात माशाचा अर्क असणार. तिला हे सांगणं मला फार जड गेलं. म्हणून हा भाग नीट वाचा.

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ आहे. हे पाणी बहुतेक वेळा ‘कात्सुओबुशी’पासून, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, तळलेल्या टोफूवरचा रस, सगळ्यांत ते असू शकतं. ‘निकू’ म्हणजे मांस. ‘निकू नको’ म्हटलं तर समोरच्याच्या दृष्टीने मासा चालतो. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: ‘निकू तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.’ म्हणजे मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही.

पाकिटावर अ‍ॅलर्जीची चौकट असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिथे कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा, अंडं, दूध आणि शेंगदाणा यांचा उल्लेख सक्तीचा आहे, माशाचा नाही. फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा घटकांच्या पूर्ण यादीवर धरा.

हमखास चालेल असं जेवण म्हणजे ‘शोजिन र्‍योरी’, बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण. त्यांची दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि शिताके अळंब्यांची असते. कोयासान डोंगरावर मठात मुक्काम केला की संध्याकाळी आणि सकाळी हेच मिळतं. तीळ वाटून केलेला ‘गोमादोफू’ आईने इतक्या आवडीने खाल्ला की तिच्यासाठी पुढचा सगळा प्रवास तिथूनच सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

आता तो कॅन. फळांची चित्रं असलेले ‘चूहाय’चे कॅन सरबतासारखे दिसतात, पण त्यात दारू असते. अशा कॅनच्या वरच्या बाजूला, झाकणाच्या कडीजवळ, बहुधा अंधांसाठी ब्रेल ठिपके असतात आणि त्यांचा अर्थच ‘ओसाके’, म्हणजे दारू. बोट फिरवून पाहा. पेयांच्या मशीनवर लाल पट्टी म्हणजे गरम आणि निळी म्हणजे थंड. नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं, बाटली भरत राहा.

७. काही हरवलं तर

उतरून जिना चढत असताना आईच्या लक्षात आलं की औषधांची पिशवी वरच्या फळीवरच राहिली. गाडी निघून गेली होती. आई रडवेली झाली. मी कडेच्या गेटवर जाऊन एकच शब्द म्हटला: ‘वासुरेमोनो’, विसरलेली वस्तू. तिथल्या माणसाने लगेच एक कागद पुढे ओढला आणि चार गोष्टी विचारल्या. कुठल्या स्टेशनात चढलात, किती वाजता, कितवा डबा, पिशवी कशी दिसते.

वेळ मला आठवेना. पण चढण्याआधी आईने फलाटावरच्या पाटीचा फोटो काढला होता, त्यावरून मिनिटासकट वेळ मिळाली. फोटोत जमिनीवर रंगवलेला डब्याचा क्रमांकही आला होता. त्याने फोन फिरवले आणि शेवटच्या स्टेशनात पिशवी उतरवून ठेवल्याचं वीस मिनिटांत कळलं. तिथे जाऊन पासपोर्ट दाखवला, सही केली, पिशवी मिळाली. आत गोळ्यांची एक पट्टीही हललेली नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक गाडीत चढण्यापूर्वी पायाखालच्या डब्याच्या क्रमांकाचा एक फोटो काढते. तुम्हीही काढा, यापेक्षा उपयोगी सवय मी तुम्हाला देऊ शकत नाही. लॉकर वापरलात तर त्याचा क्रमांक आणि जवळच्या दाराची पाटी यांचाही फोटो ठेवा.

वस्तू रस्त्यावर हरवली असेल तर ‘कोबान’ गाठा. ही चौकाचौकांतली छोटी पोलीस चौकी. तिथे फॉर्म भरून पावती घ्या, विम्यासाठी तीच लागते. सापडलेल्या वस्तू पोलीस साधारण तीन महिने सांभाळतात, तेव्हा पहिल्या दिवशी मिळाली नाही म्हणून आशा सोडू नका. पासपोर्ट हरवला तर आधी कोबानमधली नोंद, मग टोक्योतला भारतीय दूतावास किंवा ओसाकातलं वाणिज्य दूतावास. ते प्रत आणि फोटो इथे कामाला येतात.

८. खोली आणि स्वच्छतागृह

कमोडशेजारच्या पाटीवर बटणांची गर्दी असते. फ्लश तिथे असेलच असं नाही, कधी भिंतीवर, कधी मागे. लाल रंगाचं वेगळं बटण मात्र दाबू नका, ते बहुधा मदतीसाठी माणसं बोलावण्याचं असतं. हात पुसायला कागद बऱ्याच ठिकाणी नसतो, म्हणून रुमाल.

पारंपरिक मुक्कामात संडासाच्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून बाहेर येऊ नका आणि तातामी चटईवर कुठल्याच सपाता नकोत. युकाता, म्हणजे किमोनोसारखा सुती झगा, घालताना डावा पदर वर आला पाहिजे. उजवा वर फक्त मृताला नेसवतात, त्यामुळे तिथली वडीलधारी माणसं हे पाहून अस्वस्थ होतात.

रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी आहेत. १९९५ मध्ये टोक्योच्या मेट्रोत सारीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कुंड्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. बरोबर घेतलेल्या पिशवीचं कारण हेच.

९. फोन अचानक ओरडला, किंवा तब्येत बिघडली

सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले तर तो भूकंपाचा इशारा असतो. हादरा यायला काही सेकंदच असतात. बाहेर पळू नका. टेबलाखाली जा, काचा आणि कपाटांपासून लांब राहा. लिफ्ट वापरू नका. बातम्यांत ‘शिंदो’ किती ते पाहा. शिंदो म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे किती हललं त्याचं माप, ० ते ७.

रुग्णवाहिका आणि आग यांसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. पर्यटकांसाठी चोवीस तास इंग्रजीत बोलणारी सरकारी पर्यटन संस्थेची मदतवाहिनी आहे: ०५०-३८१६-२७८७. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

१०. परतीचा दिवस

परदेशी नाणी बदलून मिळणं अवघड असतं, म्हणून आदल्या दिवसापासूनच सुटे संपवायला लागा. कार्डात नाण्यांनी पैसे भरून शेवटची खरेदी कार्डावरच करणं सोपं पडतं.

ओसाकाहून कान्साई विमानतळाला जेआरच्या जलद गाडीने जाणार असाल तर हे नक्की वाचा. ही गाडी बऱ्याचदा हिनेनो स्टेशनात दोन भागांत तुटते. १ ते ४ क्रमांकाचे डबे विमानतळाला जातात आणि ५ ते ८ वाकायामाला. मागे जागा मोकळी दिसली म्हणून बसू नका. बसलाच असाल तर हिनेनोला उतरून पुढच्या डब्यांत जा, किंवा पुढची गाडी पकडा. त्यासाठी हातात तासभर जास्तीचा ठेवून निघा.